टांकसाळीची चूक आणि बाजारची लबाडी

लक्ष्मीपूजनाकरितां देवघरांतील नाण्यांची डबी उघडली, म्हणजे घरांतील मुलें भोंवतीं जमतात. यंदा अमेरिकेंतून आमचा पुतण्या आला होता. आपल्याजवळचे मूठभर सेंट त्यानें ताटांत ओतले, आणि त्यांतील एकावर बारीक फोड दाखवून तो म्हणाला, "काका, हें चुकलेलें नाणें, ह्याला पुष्कळ किंमत येईल." ह्याच मोहानें आम्ही एकदां फसलों आहों, म्हणून हा मजकूर लिहावासा वाटला.

निवृत्तीनंतर एका फिरत्या विक्रेत्यानें आम्हांस चांदीचा जुना रुपया दाखविला. त्यावर राजाचें मुख उठावाचें नसून खोलगट व आरशांतल्यासारखें उलटें होतें. असा दोष टांकसाळींत खरोखरच घडतो. छापलेलें नाणें वरच्या ठशास चिकटून राहिलें व खालीं नवी कोरी चकती आली, तर तें चिकटलेलें नाणेंच ठशाचें काम करतें. विक्रेत्यानें हें सर्व इतकें सुरेख समजावून दिलें, कीं आम्हीं पेन्शनमधले पैसे काढून दिले. सौभाग्यवतींनीं रुपया फरशीवर वाजवून पाहिला. नाद खणखणीत होता.

चांदी खरीच होती. खोटा होता तो छाप. अशा चुकींत चकतीच्या दोन्ही बाजूंस एकच चित्र यावयास पाहिजे: एकीकडे खालच्या ठशाचें उठावदार, दुसरीकडे चिकटलेल्या नाण्याचें खोलगट. आमच्या रुपयाच्या मागें मात्र किंमत आणि सन! कोणीतरी दोन रुपये पोलादी शेगड्यांत धरून एकमेकांवर दाबले होते. भिंगानें पाहतां खोलगट मुखाखालीं मूळ अक्षरांचीं चेपलेलीं टोकेंहि दिसलीं. जन्मभर मुलांच्या संधिविग्रहांतील चुका काढणाऱ्यास एवढें सुचूं नये!

आतां पुतण्याचा सेंट. पूर्वीं त्यांत ९५ टक्के तांबें असे. तें महागल्यामुळें १९८२ सालीं घडण बदलली. आंत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा आला, व वजन ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर उतरलें. हा मुलामा छापण्यापूर्वींच चकतीवर चढवीत. खालीं वायु अडकला, कीं फोड उठतो. छापतांना तांबें ताणून फाटलें, तर अक्षरांच्या कडेनें जस्ताची करडी रेषा दिसते. दोष टांकसाळीचाच, पण इतका सर्रास, कीं संग्राहक त्यास फारसें मोल देत नाहींत. शिवाय नाणें विस्तवावर तापविलें तरी फोड येतात.

१९४३ ची गोष्ट निराळी. युद्धासाठीं तांबें लागे, म्हणून त्या वर्षींचे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. कांहीं थोड्या जुन्या काशाच्या चकत्या चुकून यंत्रांत गेल्या. तीं नाणीं आज फार मोलाचीं आहेत. मग काय, लबाडांनीं पोलादी सेंटांनाच तांब्याचा मुलामा दिला! लोहचुंबकास हे चटकन चिकटतात, काशाचे चिकटत नाहींत. परंतु १९४८ च्या सेंटावरील ८ खरवडून ३ करणारेहि निघाले, आणि तेथें चुंबक निरुपयोगी. आंकड्याचें वळणच भिंगाखालीं पाहावें लागतें.

पुतण्यानें आपला सेंट मुकाट्यानें खिशांत घातला. आमचा रुपया डबींतच असतो. सौभाग्यवती दरवर्षीं तो पूजेंत मांडतात, खोलगट बाजू खालीं करून.