लग्न पाहावे करून – भाग ९ : आधी तारीख, मग विमानतळ, मग देश

मागच्या भागात कार्यालय, जेवणावळ आणि मानपान यांचा हिशोब झाला. त्या यादीच्या तळाशी हल्ली आणखी एक रक्कम असते. नवरानवरीनं ती स्वतःच्या पगारातून साठवलेली असते आणि घरचे तिच्याकडं जरा तिरक्या नजरेनं बघत असतात. ती रक्कम असते मधुचंद्राची. एके काळी बेळगावची जोडपी महाबळेश्वर, उटी, म्हैसूर करून यायची. आता फुकेत, बाली, मालदीव ही नावं खडेबाजारातही सहज ऐकू येतात. रक्कम बेताची असली तरी परदेश जमतो. पण त्यासाठी ठरवण्याचा क्रम बदलावा लागतो.

बहुतेक जण आधी देश ठरवतात. कुणीतरी फोटो टाकलेला असतो, तिथंच जायचं असतं. मग तिकीट बघतात, मग रजा, आणि सगळ्यात शेवटी कळतं की त्या महिन्यात तिथं धो धो पाऊस असतो. सीमाभागातल्या जोडप्यानं हे उलट्या बाजूनं सोडवावं. लग्नाची तारीख गुरुजींनी आणि कार्यालयानं मिळून ठरवलेलीच असते, ती हलत नाही. घरापासून विमानापर्यंतचा रस्ताही ठरलेला आहे. या दोन गोष्टींतून जे देश शिल्लक राहतात, त्यांतून निवडायचं.

तारीख काय सांगते?

आपल्याकडं लग्नाचे दोन मोठे हंगाम. एक तुळशीच्या लग्नानंतरचा, कार्तिक-मार्गशीर्षातला. दुसरा चैत्र-वैशाखातला, उन्हाळी सुट्टीचा.

पहिल्या हंगामातल्या जोडप्याला नशिबाची साथ आहे. डिसेंबर ते मार्च थायलंडचा पश्चिम किनारा, म्हणजे फुकेत आणि क्राबी, कोरडा असतो. श्रीलंकेचा नैऋत्य किनारा, बेंटोटा ते गॉल, तेव्हाच फुलतो. मालदीवचंही तेच. बालीत मात्र नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने. व्हिएतनामचा मधला भाग, म्हणजे दा नांग आणि होई आन, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुरानं बेजार असतो. त्याच देशाच्या दक्षिणेकडचं फु क्वोक बेट डिसेंबरपासून छान असतं. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा सगळीकडंच महाग. लग्न २० डिसेंबरचं असेल, तर देवदर्शनं निवांत उरका आणि ५ जानेवारीनंतर निघा.

वैशाखातल्या जोडप्याचं गणित वेगळं. मे महिन्यात आपल्याकडं वळीव पडतो, तेव्हाच नैऋत्य मोसमी वारे फुकेत आणि कोलंबोकडं पाऊस आणू लागतात. अशा वेळी बाली उत्तम, एप्रिल ते ऑक्टोबर तिथं कोरडा काळ. श्रीलंकेला जायचंच असेल, तर पूर्व किनारा धरा, त्रिंकोमालीकडचा. थायलंडमध्ये त्या दिवसांत को सामुईचा पूर्वेकडचा समुद्र फुकेतपेक्षा शांत असतो.

सणही बघावेत. बालीतही शक संवत्सर पाळतात. त्यांचा न्येपी हा नववर्षाचा दिवस आपल्या पाडव्याच्या सुमारास येतो. २०२६ साली दोन्ही १९ मार्चलाच. त्या दिवशी बालीत रस्त्यावर कुणी फिरत नाही आणि विमानतळही चोवीस तास बंद असतो. एप्रिलच्या मध्यावर थायलंडमध्ये सोंगक्रान आणि श्रीलंकेत नववर्ष असतं. एकीकडं रस्त्यावर पाण्याची धमाल, दुसरीकडं बंद दुकानं.

आणखी एक हिशोब घरचा. सत्यनारायण, गोंधळ, जोतिबा, अंबाबाई, कुणाची यल्लम्मा, मग मांडवपरतणी. यात आठवडा सहज जातो. रजा मोजताना तो धरा, नाहीतर तिकीट काढून बसाल आणि गोंधळ्याची तारीख त्याच दिवसाची निघेल.

विमानापर्यंतचा रस्ता

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान उडत नाही. म्हणून आपल्या सहलीचा पहिला खर्च देशातच होतो. वाटा तीन.

पहिली गोव्याची. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. बेळगावहून चोर्ला घाटानं तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतो. निपाणीकरांना संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली हा रस्ता आहे. पण मोपा आणि गोव्यातलाच दुसरा विमानतळ दाबोळी, दोन्हीकडून थेट परदेशी विमानं मोजकीच. बरेचदा मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरूत बदलावं लागतं.

दुसरी बेंगळुरूची. १० ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव–बेंगळुरू वंदे भारत सुरू आहे. पहाटे निघून दुपारी पोचता येतं. आग्नेय आशियाकडची पुष्कळ विमानं रात्री उशिरा निघतात, त्यामुळं ही वेळ सोयीची. फक्त विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या पार उत्तरेला आहे. गर्दीच्या वेळी दोन तास हाताशी ठेवा.

तिसरी मुंबईची. निपाणीला रेल्वे नाही. पण कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, आणि तिथून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, म्हणून तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा.

पैसे वाचवायला लोक सांबरा–मुंबई एक तिकीट आणि पुढचं वेगळं तिकीट काढतात. पहिलं विमान धुक्यानं लांबलं आणि पुढचं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीवर काही जबाबदारी येत नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. वेगळी तिकिटं काढायचीच, तर मध्ये एक रात्र ठेवा.

नाव आणि पत्ता

नवा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत मिळतो, तत्काळला आणखी २,००० लागतात. बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयात अर्जाची सोय आहे. २०१८ पासून देशातल्या कुठल्याही केंद्रावर अर्ज करता येतो, त्यामुळं निपाणीकराला कोल्हापूर जवळ वाटलं तर तिथंही चालतं. पोलीस पडताळणी मात्र अर्जातल्या पत्त्यावर होते.

आपल्याकडची खरी अडचण नावांची. मुलगा कर्नाटकातल्या शाळेत शिकलेला, दाखल्यावर नुसती आद्याक्षरं. मुलगी कागल-गडहिंग्लजकडची, तिचं नाव, वडील, आडनाव असं तिपेडी. पासपोर्टला आद्याक्षरं चालत नाहीत, पूर्ण नाव लागतं. त्यात १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, म्हणून जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं. सगळे कागद एकमेकांशी जुळवून मगच अर्ज करा. आडनावाची जागा रिकामी सोडू नका. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक म्हणून प्रवेश न देण्याचा नियम संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ मध्ये केला.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, अशी पासपोर्टची अट नाही. नवरीचा पासपोर्ट माहेरच्या नावानं असेल, तर तिकीट त्याच नावानं काढा. पत्रिकेतलं नवं नाव तिकिटावर घालू नका. आणि परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक हवी.

आता देश

थायलंडनं १० नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला. दोन्हीकडं निघण्याआधी ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा माणशी २५ डॉलरचा. बालीत उतरल्यावर व्हिसासाठी पाच लाख रुपिया आणि वर दीड लाख रुपिया पर्यटक कर. आकडा ऐकून दचकू नका, रुपियाची किंमतच तेवढी कमी आहे. या सवलती सरकारं बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करा.

मालदीवचा तीस दिवसांचा व्हिसा फुकट, पण बाकीचं फुकट नाही. खासगी बेटावरचा रिसॉर्ट बेताच्या रकमेत बसत नाही, कारण तिथं पोचण्याचं सीप्लेनच खिसा कापतं. माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस घेतलं, तर जमतं. तिथं दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा राखलेला असतो. रोजचा हरित कर छोट्या गेस्टहाउसात माणशी ६ डॉलर.

पासपोर्ट वेळेत झालाच नाही, तर नेपाळ आहे. मतदार ओळखपत्रावर जाता येतं. आधार कार्ड विमानतळावर चालत नाही, हे लक्षात ठेवा. आपल्या एका रुपयाला तिथले १.६० रुपये, हा दर १९९३ पासून बदललेला नाही. काठमांडू आणि पोखरा एवढं केलं तरी आठवडा भरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे तिथले चांगले महिने.

दीड लाखाचं गणित

समजा, दोघांचे मिळून दीड लाख आहेत. पंधरा हजार राखीव ठेवा. आजारपण, चुकलेली गाडी यांसाठी. घर ते विमानतळ जाणं-येणं, व्हिसा, प्रवासविमा, सीमकार्ड यांना वीस हजार. उरले एक लाख पंधरा हजार. तिकिटं साठ हजारांत मिळाली, तर सहा रात्रींना पंचावन्न हजार, म्हणजे दिवसाला नऊ हजारांहून थोडे जास्त. हेच तिकीट गर्दीच्या आठवड्यात ऐंशी हजारांना पडलं, तर दिवसाला सहा हजारही उरत नाहीत. देश तोच आणि हॉटेल तेच, पण तारीख आठ दिवस पुढं सरकवली की रोजचे तीन हजार हातात येतात. म्हणून घासाघीस हॉटेलशी करण्याआधी कॅलेंडरशी करा.

पॅकेज घेणार असाल, तर ‘पाच रात्री, सहा दिवस’ यावर जाऊ नका. विमान पोचतं किती वाजता, सुटतं किती वाजता, ते लिहून मागा. पहिली रात्र उतरण्यात आणि शेवटचा दिवस विमानतळावर जात असेल, तर चारच दिवस तुमचे. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, कापतात. तो पॅनवर जमा होतो आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. तंबाखू-उसाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसतो, म्हणून आपल्याकडं अनेक घरांत विवरणपत्र भरतच नाहीत. अशांनी त्या वर्षी ते भरावं, नाहीतर पैसे तिकडंच राहतील.

कार्ड चालवताना यंत्र विचारतं, रुपयांत की स्थानिक चलनात? स्थानिक चलन निवडा; रुपये निवडले की दर दुकानाकडचा लागतो. आणि पाटल्या-बांगड्या बँकेत ठेवून जा. जड दागिने न्यायचेच असतील, तर जाताना विमानतळावर कस्टमकडून त्यांची नोंद करून घ्या, म्हणजे परतताना ते तिकडून विकत आणलेले नाहीत हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

उरला प्रश्न वडीलधाऱ्यांचा. ‘एवढ्या पैशात पोर्चचा स्लॅब पडला असता’ हे वाक्य येणारच. त्याला उत्तर म्हणून वरचा हिशोब एका कागदावर लिहून समोर ठेवा: तारीख, वाट, देश, रोजचा खर्च, राखीव रक्कम. आकडे मांडलेला माणूस आपल्याकडच्या घरांत सहसा वाद हरत नाही.

(पुढच्या भागात : लग्नानंतरचं पहिलं वर्ष. एकत्र बँक खातं, नामनिर्देशन आणि दोघांचा आरोग्यविमा.)