लाभांशाचे उत्पन्न : काही दृढ गैरसमज

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी चांगल्या कंपन्यांच्या समभागांत घालून त्यांच्या लाभांशावर प्रपंच चालवावा, हा विचार मुळात सदोष नाही. परंतु लाभांश म्हणजे ठेवीवरील व्याजाचाच एक प्रकार, अशी समजूत करून घेऊन जे या वाटेने जातात, त्यांच्या पदरी पुढे येणारी निराशा पाहून मन खिन्न होते, आणि म्हणूनच या विषयाचा खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

पहिला घोटाळा शेकड्याचा. ‘५०० टक्के लाभांश’ असा मथळा वाचून हरखून जाणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, की हा शेकडा समभागाच्या दर्शनी किमतीवर काढलेला असतो, बाजारभावावर नव्हे. दर्शनी किंमत २ रुपये आणि बाजारभाव १,००० रुपये असलेल्या समभागावर ५०० टक्के म्हणजे अवघे १० रुपये, अर्थात आज तो घेणाऱ्यास शेकडा १ रुपया. उलट १० रुपये दर्शनी किमतीच्या आणि १५० रुपये भावाच्या समभागावर ६० टक्के जाहीर झाले, तर त्यास शेकडा ४ रुपये पडतात. एवढे गणित उमगले, की मग माणूस सर्वांत मोठा परतावा दिसेल तेथे धाव घेतो, आणि खरा धोका तेथेच असतो. कारण भाव २०० वरून १०० वर घसरला, की गतवर्षीच्या त्याच १० रुपयांचा परतावा ५ टक्क्यांवरून १० टक्के झालेला दिसतो, आणि भाव पाडणाऱ्या बाजारास पुढील साली तो लाभांश टिकणार नाही याची चाहूल बहुधा आधीच लागलेली असते.

लाभांश वरकड मिळतो, हीही भ्रांतीच. ३०० रुपयांच्या समभागावर १२ रुपये मिळावयाचे असतील, तर हक्काची तारीख उलटताच त्याचा भाव साधारण तेवढाच उतरतो. कंपनीच्या तिजोरीतून गेलेले द्रव्य तिच्या मूल्यातून वजा व्हावयाचेच. म्युच्युअल फंडांच्या लाभांशात गुंतवणूकदाराचे स्वतःचे भांडवलही परत येऊ शकते, म्हणून तर ‘सेबी’ने एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाच्या नावातच भांडवल काढून घेण्याचा उल्लेख घालावयास लावला.

कराविषयी थोडक्यात सांगतो : पूर्वी वितरण कर कंपनी भरीत असे, तो कायदा गेला, १ एप्रिल २०२० पासून लाभांश धारकाच्या एकूण उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या दराने त्यावर कर बसतो.

परंतु सर्वांत घातक समज हा, की लाभांश ठरल्या वेळी आणि ठरल्या रकमेने येणारच. तो जाहीर होईपर्यंत कंपनीचे आपणास काहीही देणे नसते. संचालक मंडळाने शिफारस केलेली रक्कम सर्वसाधारण सभेस वाढविता येत नाही. जाहीर झाल्यावर मात्र ३० दिवसांत ती चुकती करणे कायद्याने बंधनकारक आहे. एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या धास्तीने, रिझर्व्ह बँकेने साऱ्या बँकांना मार्च २०२० अखेरच्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश देण्यास मनाई केली, तेव्हा बँकांच्या समभागांवर भिस्त ठेवणाऱ्या कित्येक वृद्धांची मिळकत एका हुकुमासरशी आटली.

आमच्या आळीतील एका निवृत्त मुख्याध्यापकांची लाल कापडी बांधणीची खातेवही मी त्या सुमारास पाहिली होती. बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावयाच्या असल्यामुळे त्यांचे जुलै ते सप्टेंबरचे रकाने भरगच्च आणि उरलेले बव्हंशी कोरे असत; म्हणून आलेला प्रत्येक लाभांश ते एका स्वतंत्र बचत खात्यात जमा करीत, गतवर्षीच्या जमेचा बारावा हिस्सा दर महिन्याच्या १ तारखेस घरखर्चास काढीत, आणि शिवाय एका वर्षाच्या खर्चाची बेगमी मुदत ठेवीत वेगळी राखीत. त्या वर्षी बँकांच्या नावांपुढे त्यांनी पेन्सिलीने नुसत्या आडव्या रेघा ओढल्या होत्या, आणि त्यांच्या खाली घरखर्चाचा आकडा मात्र बाराही महिने एकच होता.