फिजिओथेरपी : गरज वाढली, मग पगार का नाही?

फिजिओथेरपीची गरज वाढते आहे, म्हणजे तिथले पगारही वाढत असणार, असे सर्रास धरले जाते. रत्नागिरी जिल्ह्यात गरज तर उघड दिसते. 2011च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. कमावते हात मुंबईला आणि वडीलधारी माणसे गावी, हे त्यामागचे मोठे कारण. भातलावणीत धरलेली कंबर, झिजलेले गुडघे, पक्षाघात, झाडावरून पडून झालेली इजा असे रुग्ण मंडणगडपासून राजापूरपर्यंत आहेत. पण पगार ठरतो तो मंजूर पदांवर आणि पैसे कोण भरतो यावर.

सरकारी दवाखान्यात नोकरी म्हणजे कायमची सोय, ही समजूतही अपुरी आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील अनेक पदे कंत्राटी असतात. तिथे मानधन ठरावीक असते आणि करार मुदतीचा. मानधन तेवढेच राहिले तर महागाईने त्याचे मोल दरवर्षी घटते. दुसरीकडे महाविद्यालयांतून पदवीधर बाहेर पडतच असतात. पदे कमी आणि उमेदवार जास्त, त्यामुळे खासगी दवाखाने नवख्यांना कमी पगारात घेऊ शकतात.

‘एका सिटिंगला एवढे पैसे, म्हणजे कमाई भरपूर’ हा हिशेबही फसवा आहे. दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला ती फी मिळत नाही, पगार मिळतो. स्वतःचा दवाखाना असेल, तर जागेचे भाडे, यंत्रे आणि वीजबिल त्याच फीतून भागवावे लागते. घरी जाऊन उपचार करायचे, तर घाटवळणांच्या रस्त्यावर दिवसाला मोजकीच घरे होतात. आरोग्यविमा बहुतेक वेळा भरती झालेल्या रुग्णाचा खर्च देतो. नंतरच्या महिनाभराच्या व्यायामाचे पैसे घरच्यांनाच मोजावे लागतात. म्हणून जरा बरे वाटले की येणे थांबते. यात रुग्णाचे नुकसान अधिक होते.

सर्वांत अन्यायकारक गैरसमज म्हणजे हे काम मालिशीचे आहे, हा. महाराष्ट्रात याचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांहून अधिक काळाचा असून त्यात इंटर्नशिपही येते. प्रवेशाला ‘नीट’ आणि व्यवसायाला राज्य परिषदेची नोंदणी लागते. काम अंगमेहनतीचेही आहे. जड रुग्णांना उठवून, वळवून उपचार करणाऱ्यांनाच कंबर, मान आणि अंगठ्याचे दुखणे जडते.

परदेशी गेले की प्रश्न सुटतो, असेही नाही. तिथे पुन्हा परीक्षा व परवाना आहेच, आणि दरही वाढतातच असे नाही. अमेरिकेत ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याची देयके ज्या मूळ दराने काढतात, तो 2020 साली सुमारे 36.09 डॉलर होता. 2025 मध्ये तो 32.35 डॉलरवर आला.

ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची नियमित पदे भरणे आणि बाह्यरुग्ण उपचार विम्यात आणणे, हे दोन निर्णय झाल्याशिवाय रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात या व्यवसायाचे वेतन सुधारणार नाही.