पेनाच्या अंगावरचा जन्मदाखला

कुणी जुनं शाईपेन भेट दिलं, की आपण आधी त्याची निब पाहतो. पण एक पेन असं आहे, की ते निब दाखवतच नाही. टोपण काढलं, तर गुळगुळीत आवरणातून निबेचं जेमतेम टोक डोकावतं. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "अरे, हे तर हिरो!" शाळेत चिनी हिरो पेन वापरलेल्या पिढीचा हा अंदाज अगदी रास्त आहे, फक्त नातं उलटं आहे. हिरोने ही ठेवण ज्याच्यावरून घेतली, ते पेन म्हणजे पार्कर ५१. टोपणाला बाणाची क्लिप असेल आणि पार्करचं नाव कोरलेलं असेल, तर विसाव्या शतकातलं एक अतिशय नावाजलेलं पेन तुमच्या हाती आलेलं असू शकतं.

१८८८ साली सुरू झालेल्या पार्कर कंपनीला १९३९ मध्ये ५१ वर्षं झाली, म्हणून हे नाव. अमेरिकेच्या बाजारात पेन आलं १९४१ मध्ये. निब झाकली ती नखरा म्हणून नव्हे. कंपनीला कागदावर टेकताच वाळणारी शाई वापरायची होती. अशी शाई उघड्या निबेवरही वाळून बसणार, म्हणून निबेला आवरण आलं. शिवाय ही शाई इतकी अल्कधर्मी होती, की त्या काळची सेल्युलॉइडची पेनं तिने खराब होत. म्हणून दांडा ल्युसाइटचा केला. ल्युसाइट म्हणजे विमानांच्या पारदर्शक खिडक्यांसाठी वापरलं जाणारं ॲक्रिलिक! आठ दशकं उलटूनही अशा पेनांची झिलई टिकून आहे, ती त्यामुळेच. निबेमागे, आवरणाच्या आत, बारीक चकत्यांची एक रांग दडलेली असते. हाताच्या उबेने आतली हवा फुगली, की पुढे ढकललेली जास्तीची शाई या चकत्या धरून ठेवतात आणि कागदावर डाग पडत नाही.

आता पेनाचं वय काढू. दांड्याचं मागचं टोक हलक्या हाताने फिरवून पाहा. तिथलं छोटं बूच निघालं आणि आत दाबायचा दट्ट्या दिसला, तर ते ‘व्हॅक्युमॅटिक’ जातीचं. यात रबराचा पडदा मागेपुढे होऊन शाई आत येते. अमेरिकेत ही पद्धत १९४८ पर्यंत चालली. बूच नसेल आणि अख्खा दांडाच फिरून निघत असेल, आत धातूच्या नळीवर दाबायची पट्टी असेल, तर ते १९४८ पासूनचं ‘एरोमेट्रिक’. शाई कशी भरायची हे त्या नळीवरच कोरलेलं असतं.

खरी गंमत याच्या पुढे आहे. त्या काळातल्या अमेरिकन पेनांच्या दांड्यावर ‘मेड इन यूएसए’ या बारीक अक्षरांजवळ एक आकडा असतो आणि त्याच्या शेजारी ठिपके. आकडा म्हणजे सालातला शेवटचा अंक. ठिपके तिमाही सांगतात : तीन ठिपके म्हणजे जानेवारी ते मार्च, दोन म्हणजे दुसरी तिमाही, एक म्हणजे तिसरी, आणि एकही नसेल तर वर्षअखेर. दर तिमाहीला एक ठिपका कमी! पण आकडा २ असेल, तर साल १९४२ की १९५२? इथे शाई भरण्याची पद्धत साक्षीला येते. व्हॅक्युमॅटिक असेल तर १९४२, एरोमेट्रिक असेल तर १९५२. पुढे पन्नासच्या दशकात हा आकडा कोरणं बंद झालं, म्हणून त्यानंतरच्या पेनांचं वय असं नेमकं सांगता येत नाही.

विचार करा, तुमच्या व्हॅक्युमॅटिक पेनावर ७ आणि एकच ठिपका आहे. म्हणजे ते जुलै ते सप्टेंबर १९४७ मध्ये घडलं. इकडे देश स्वतंत्र होत होता, त्याच दिवसांत अमेरिकेतल्या कुणा कारागिराने त्यावर हा ठिपका उमटवला! आणि आकडा ५ असेल, तर ते १९४५ चं, म्हणजे त्या पेनांच्या बरोबरीचं, जी दोस्त राष्ट्रांचे सेनापती आयसेनहॉवर यांनी जर्मनीच्या शरणागतीनंतर ‘व्ही’ अक्षराच्या आकारात कॅमेऱ्यासमोर धरली होती. तीही पार्कर ५१च होती.

हे सगळं वाचायला भिंग आणि तिरका उजेड पुरतो, कारण कोरीव अक्षरं फार उथळ असतात. म्हणूनच एक कळकळीचं सांगणं : भेट मिळालेलं जुनं पेन हाती येताच पॉलिश करू नका. आपण ज्याला मळ समजून घासतो, त्याच्यासोबत आकडा आणि ठिपकेही जातात. स्पिरिट तर लावूच नका, त्याने ल्युसाइटला तडे जातात. निब साध्या पाण्यात बुडवून वाळलेली शाई सावकाश सुटू द्या. व्हॅक्युमॅटिकचा रबरी पडदा बहुधा कुजलेला असतो. तो जाणकाराकडून बदलून घ्या. दांड्यावर आधीच्या मालकाचं नाव कोरलेलं असेल, तर संग्राहक किंमत कमी देतील. तरी ते नाव राहू द्या. आणि पेन कपाटात ठेवू नका, शाई भरून लिहायला घ्या. ते त्यासाठीच बनलं आहे.