खाच कशाने पाडावी?



आमच्या घरी वडिलांचे एक लहान सागवानी कपाट आहे. त्यात त्यांचे सिद्दुर असत. आता आमची मराठी पुस्तके आहेत. मुंबई सोडताना भांडीकुंडी वाटून टाकली, पण कपाट बांधून आणले. गेल्या वर्षी त्याचा तळ सुटला व मागची फळी निघून आली. पाहतो तो काय, सगळे नुसत्या खिळ्यांवर उभे होते! खाच कुठेच नव्हती. ती पाडायला आम्ही बसलो आणि वडिलांच्या हातची एक फळी जवळजवळ घालवली. आपणांपैकी कोणी अशीच जुनी वस्तू दुरुस्त करणार असेल, तर आमच्या चुकीचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहोत.

सुतार ज्याला रिबेट म्हणतात ती खाच म्हणजे फळीच्या कडेला पाडलेली पायरी. तिला एक तळ व एकच भिंत असते. दुसरी फळी त्या पायरीत बसते, म्हणून ती सरकत नाही आणि मागून फट दिसत नाही. आमच्या कपाटाच्या बाजूच्या फळ्या १८ मिलिमीटर जाड. मागे ६ मिलिमीटरचा प्लायवुड बसवायचा होता. म्हणून मागच्या कडेपासून आत ६ आणि जाडीत ९ मिलिमीटर अशी खाच हवी. तळाची फळीही १८ची. तिच्यासाठी बाजूच्या खालच्या टोकाला १८ रुंद व ९ खोल. जाडीचा निम्मा भाग शिल्लक राहिला की फळीत ताकद उरते.

आता लक्ष द्या. मागची खाच लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाते, तळाची रेषांना आडवी. हत्यार निवडताना पहिला प्रश्न हाच: रेषा उभ्या की आडव्या? दुसरा प्रश्न: खाचा किती पाडायच्या?

एखाद-दुसरी आडवी खाच असेल तर करवत व पटाशी पुरे. गुण्या लावून धारदार चाकूने रेघ मारावी, रेघेच्या आतल्या बाजूने करवतीने खोलीपर्यंत कापावे आणि उरलेले लाकूड पटाशीने थराथराने काढावे. वेळ लागतो, पण फार बिघडत नाही.

लांब, उभ्या खाचेला रिबेट रंधा उत्तम. साध्या रंध्याचे पाते दोन्ही बाजूंनी आत असते; याचे पाते तळाच्या कडेपर्यंत येते, म्हणून तो कोपऱ्यात शिरतो. स्टॅन्ले ७८ हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. त्याला रुंदी धरणारी पट्टी असते, खोली रोखणारा अडसर असतो आणि आडव्या रेषा आधी कापणारी छोटी सुरी असते. जुना घ्यायचा असेल तर हे तिन्ही भाग आहेत की नाहीत ते पाहून घ्या; बहुधा यांतलेच काहीतरी हरवलेले असते. पाते सुरीच्या बाजूला अगदी किंचित बाहेर असावे, नाहीतर प्रत्येक फेरीला खाच अरुंद होत जाते.

रंधा मारताना सुरुवात आपल्यापासून दूरच्या टोकाला करावी. आखूड हात मारत मागे यावे, मग एक सलग हात. सागाने पात्याची धार लवकर जाते. प्रत्येक फळीनंतर ती लावून घ्यावी. आडवी खाच असेल तर टोकाला एक टाकाऊ ठोकळा घट्ट बांधावा, म्हणजे कड फुटत नाही. आडवी खाच आधी, उभी नंतर. कडेला थोडे चिरफाळलेच तर उभी खाच ते काढून टाकते.

पाच-सहा फळ्या असतील किंवा प्लायवुड असेल, तर विजेचा राउटर बरा. प्लायवुडच्या सरसाने साधे पाते बोथट होते. राउटरचे कार्बाइड पाते टिकते. मात्र एका फेरीत ३ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. फळीची कड आपल्यासमोर असेल तर यंत्र डावीकडून उजवीकडे न्यावे. डोळ्यांना चष्मा, कानांना झाकण, तोंडाला मास्क हवेच.

आम्ही नेमके उलट केले. शेजाऱ्यांचे यंत्र, अंगात घाई. ९ मिलिमीटर एकाच फेरीत आणि तेही उजवीकडून डावीकडे. यंत्र हातातून पळाले आणि जवळजवळ वीतभर कड उडाली. बोटे वाचली, देवाची कृपा. सत्तरी ओलांडलेल्या हातांनी हे यंत्र एकट्याने, घाईत चालवू नये, असे आता आम्ही स्वतःलाच बजावतो. टेबलावरच्या गोल करवतीबद्दल तर घरी विचारही करू नका.

मग एक जुना रंधा मिळवला. उडालेल्या जागी सागाची पट्टी सरसाने चिकटवली आणि दोन दुपारी खर्चून खाच हाताने पाडली. टोकाच्या रेषांना सरस नीट धरत नाही, म्हणून तळाला दोन्ही बाजूंनी स्क्रूही दिले.

हिब्रूत सुताराला नगर म्हणतात. आम्ही येथे नवे होतो तेव्हा हा शब्द ऐकला की गावच आठवे. आमची नात आता विचारते, "आजोबा, ही पट्टी एवढी फिकट का?" रंग लावून ती झाकता आली असती. पण आम्ही ती तशीच ठेवली. शिकवायला बरी पडते.