गाडीच्या लेखी तुम्ही आलाच नव्हतात

किल्ली खिशात आहे, हात हँडलवर आहे आणि दार ढिम्म. पुन्हा हात लावला, तरी ढिम्म. तिसऱ्या वेळी ‘खट्’ असा आवाज होतो, आरसे उलगडतात आणि काही झालंच नाही अशा थाटात गाडी आपल्याला आत घेते. दहा-पंधरा वर्षं जुनी आलिशान गाडी बाळगणाऱ्यांच्या हे चांगलं ओळखीचं आहे. १९९८ साली आलेल्या मर्सिडीज एस-क्लासच्या पिढीत किल्ली खिशातून न काढता दार उघडण्याची सोय मिळू लागली. तेव्हा ती किल्ली क्रेडिट कार्डाच्या आकाराची होती. पुढच्या दहा वर्षांत ही सोय बहुतेक महागड्या गाड्यांत आली. त्या गाड्या आता पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात बऱ्याचदा नव्या हॅचबॅकच्या भावात मिळतात, दुरुस्तीचं बिल मात्र मूळ इभ्रतीला शोभेल असंच येतं. त्यात हा बिघाड गॅरेजच्या दारात कधीच दिसत नाही. मग एक हँडल बदललं जातं, नंतर दुसरी किल्ली मागवली जाते, शेवटी कंट्रोल युनिटवर संशय जातो, आणि दार अधूनमधून रुसतच राहतं. हे चक्र सुरू होतं, कारण पुरावा गोळा करायच्या आधीच भाग बदलायला सुरुवात होते. या दुखण्याचं मूळ शोधायला लागणारा पुरावा गाडीकडे सहसा नसतो. तो मालकाकडे असतो, आणि त्याला तो कुणी विचारत नाही.

दार उघडतं तेव्हा नेमकं काय घडतं, ते आधी पाहू. बोटं हँडलच्या आतल्या बाजूला गेली की तिथला स्पर्श ओळखणारा सेन्सर जागा होतो. हँडलमध्येच फेराइटच्या कांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. तिच्यातून गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झ इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर किल्लीला हाक मारते. या हाकेचा पल्ला मुद्दामच तोकडा ठेवलेला असतो. चुंबकीय क्षेत्रातून जाणारी ही हाक अंतर दुप्पट झालं की आठपट क्षीण होते, त्यामुळे मीटर-दीड मीटरपलीकडे ती पोचत नाही. पोचली, तर किल्लीतली चिप झोपेतून उठते आणि वेगळ्याच, खूप वरच्या फ्रिक्वेन्सीवर ओ देते. युरोपीय गाड्यांत ती बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते, अमेरिका आणि जपानमध्ये बऱ्याचदा ३१५. ती ओ गाडीच्या रिसीव्हरने ऐकली आणि तिच्यातला गुप्त जबाब जुळला, की कुलपाची मोटर फिरते. म्हणजे स्पर्श, हाक, ओ आणि मोटर अशा चार पायऱ्या. त्यातली कुठलीही एक चुकली तरी बाहेर उभ्या माणसाला दिसतं ते एकच: दार उघडलं नाही.

यावर कुठलाही मेकॅनिक पहिलं उत्तर देतो, ‘स्कॅनर लावू, सगळं कळेल.’ स्कॅनर लावावाच. ॲन्टेनाची तार कायमची तुटली असेल किंवा एखादं युनिट बोलायचंच थांबलं असेल, तर अनेक गाड्या तशी नोंद ठेवतात. पण अधूनमधूनच्या बिघाडात स्कॅनर बहुतेकदा कोराच निघतो, आणि त्यात स्कॅनरचा दोष नाही. गाडीच्या बाजूने विचार करून पाहा. सेन्सरला स्पर्श कळलाच नाही, तर तिच्या लेखी तुम्ही आलाच नव्हतात. मग नोंद कसली करायची? स्पर्श कळला, हाक मारली आणि ओ आली नाही, तरीही तिला त्यात वावगं काही वाटत नाही. सकाळी गाडी धुणारा हँडल पुसतो, शेजारच्या गाडीतून उतरणाऱ्याची पिशवी घासते, पावसाचं पाणी ओघळतं. किल्लीविना झालेला स्पर्श हा गाडीचा रोजचा अनुभव आहे. त्यातल्या एखाद्या वेळी दाराशी खरा मालक ताटकळला होता, हे तिला कळणार कसं? म्हणून ‘एरर नाही, म्हणजे बिघाड नाही’ हा निष्कर्ष इथे साफ चुकीचा ठरतो. स्कॅनरचा खरा उपयोग वेगळा आहे. एकाने लाइव्ह डेटावर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने हँडलला हात लावायचा: स्पर्श गाडीपर्यंत पोचतो की नाही, एवढा एकच प्रश्न. याला दोन माणसं आणि थोडा धीर लागतो, म्हणून ते सहसा कुणी करत नाही.

त्याआधी घरच्या घरी, फुकटात, संशयाचं वर्तुळ बरंच लहान करता येतं. दार रुसलं त्याच क्षणी खिशातली किल्ली काढून रिमोटचं बटण दाबायचं. दार लगेच उघडलं, तर ओ आणि मोटर ठीक आहेत. गडबड स्पर्शात किंवा हाकेत आहे. बटणही दोन-तीनदा दाबावं लागलं, तर संशय किल्लीच्या सेलवर किंवा रिसीव्हरवर. मग दुसऱ्या दाराचं हँडल. ते चाललं, तर खोट पहिल्या हँडलमध्ये किंवा त्या दाराच्या वायरिंगमध्ये. सगळी हँडलं रुसली पण दुसऱ्या किल्लीने चालली, तर दोष पहिल्या किल्लीचा. दोन्ही किल्ल्या सगळ्या दारांवर हरल्या, तर गाडीची मोठी बॅटरी, कंट्रोल युनिट किंवा आसपासचा रेडिओ-गोंगाट. अट एकच: हे सगळं बिघाड चालू असतानाच करायचं आणि दिवस, वेळ, जागा, कुठलं दार, पाऊस होता की नाही, हे मोबाइलमध्ये टिपायचं. गाडीसाठी रोजनिशी कोण ठेवणार, असं कुणी म्हणेल. पण ही रोजनिशी दोन आठवड्यांची, दर वेळी पाच-सहा शब्दांची असते, आणि एका हँडलच्या किमतीपुढे ते कष्ट अगदीच किरकोळ.

नोंदीत ‘जागा’ हवीच, याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१९ साली ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड या गावात एका वस्तीतल्या लोकांच्या गाड्यांचे रिमोट आणि गॅरेजची दारं काही आठवडे चालेनाशी झाली. शोध घेतला तेव्हा एका घरात रहिवाशाने स्वतः बनवलेलं, बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र सापडलं. घरात वर कुणी आहे का, एवढंच सांगणारं ते यंत्र अखंड ३१५ मेगाहर्ट्झवर बोलत होतं आणि बाकी सगळ्यांचा आवाज त्यात बुडत होता. त्यातल्या एखाद्याने तेव्हा किल्ली बदलली असती, तर पैसे पाण्यात गेले असते. आपल्याकडे कारण याहून घरगुती असू शकतं. डॅशबोर्डवर नंतर बसवलेला वायरलेस चार्जर साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो, म्हणजे नेमका गाडीच्या हाकेच्या आसपास. किल्ली त्याच्या शेजारच्या खणात ठेवली, की दार उघडतं पण गाडी ‘किल्ली सापडत नाही’ म्हणून सुरू व्हायला नकार देते.

किल्लीकडे वळलं की सगळे आधी सेल बदलतात, आणि ते बरोबरच आहे. पण सेल मल्टिमीटरवर मोजून ‘तीन व्होल्ट दाखवतोय, चांगला आहे’ असं ठरवणं मात्र फसवं. सीआर२०३२ जातीचा जुना सेल निवांत असताना जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे ओ देण्यासाठी क्षणभर जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. थंडीत हा रोध आणखी वाढतो. डिसेंबरच्या पहाटे रुसणारी आणि दुपारी शहाणी होणारी किल्ली बहुधा हीच गोष्ट सांगत असते. नवा सेल टाकूनही फरक पडला नाही, तर त्याच्या कडेवर लहान मुलांनी गिळू नये म्हणून दिलेला कडू लेप आहे का, हे पाहावं. काही किल्ल्यांत त्या लेपामुळे सेल नीट टेकत नाही. सेल लवकर संपायचं आणखी एक कारण टोयोटा आणि लेक्सस यांच्या माहितीपुस्तिकांतच दिलेलं आहे: किल्ली टीव्ही, संगणक किंवा चार्जरजवळ ठेवू नका. बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडीला लागून असलेल्या भिंतीवरच्या खुंटीला लटकणारी किल्ली तर गाडीशी रात्रभर गप्पा मारू शकते. आणि किल्ली कधी आपटली होती का, हेही आठवावं. हाक कुठल्याही बाजूने आली तरी ऐकू यावी म्हणून चांगल्या किल्लीत तीन दिशांना तोंड केलेली तीन वेटोळी असतात. एकाचा टाका निखळला, की किल्ली शर्टाच्या खिशात ऐकते आणि पर्समध्ये आडवी पडली की बहिरी होते. मालक याला गाडीची लहर म्हणतो.

दाराची गोष्ट याहून रोचक. दार आणि चौकट यांच्यामध्ये बिजागरीजवळ रबराची सुरकुतलेली नळी असते, तिच्यातून दाराच्या सगळ्या वायरी जातात. दिवसाला दहा वेळा दार उघडलं, तर पंधरा वर्षांत ५४,७५० वेळा त्या वायरी वाकल्या आणि सरळ झाल्या. आतल्या तांब्याच्या तारा एकेक करत तुटतात, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं. दार मिटलेलं असताना तुटकी टोकं कधी एकमेकांना टेकतात, कधी नाही. नळी बाहेर ओढून, एकेक वायर बोटांत धरून हलकेच ताणली, की तुटलेली वायर च्युइंगगमसारखी लांबते. या तपासाला पक्कड आणि अर्धा तास पुरतो. हँडलचं म्हणाल तर आपल्याकडे पहिला संशय पावसावर. हँडलखालची रबरी सील उन्हाने कडक होते, प्रेशर वॉशरचं पाणी नेमकं तिथेच घुसतं, आणि पाणी स्पर्शाच्या सेन्सरला कधी आंधळं करतं, तर कधी त्याला नसलेला हात असल्याचा भास होतो. कोरड्या दिवशी स्प्रेच्या बाटलीने एकाच हँडलवर पाणी मारून बिघाड मुद्दाम घडवून आणता आला, तर जुलैची वाट पाहायची गरज नाही.

‘एवढी उठाठेव कशाला? बटण दाबून दार उघडतंय ना?’ हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पंधरा वर्षांच्या गाडीत एक चैन कमी झाली म्हणून आकाश कोसळत नाही, आणि चोरांनी हाक-ओ लांबवून गाड्या उघडण्याचं तंत्र पाहता काही जण ही सोय आपणहून बंदही करतात. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ सालीच आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर ते करून दाखवलं होतं. अडचण एवढीच, की दाराचं रुसणं कधीकधी दुसऱ्याच दुखण्याचं लक्षण असतं. निवांत गाडीच्या चांगल्या चार्ज झालेल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.६च्या आसपास असतं, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. व्होल्टेज घसरलं की अनेक गाड्या चैनीच्या सोयी आधी कमी करतात. झोपलेल्या गाडीने साधारण ५० मिलिॲम्पियरपेक्षा कमी करंट घ्यावा, म्हणजे दिवसाला १.२ ॲम्पियर-तास. ओल्या हँडलच्या भासाने ती रात्रभर जागी राहून एक ॲम्पियर ओढू लागली, तर तोच आकडा २४ होतो, आणि चार दिवस गावी जाऊन आल्यावर गाडी सुरूच होत नाही. उलट काही वेळा बिघाड नसतोच. लेक्ससच्या अनेक गाड्यांत चौदा दिवस वापर झाला नाही, तर चालकाचं दार सोडून बाकी दारं नुसत्या स्पर्शाने उघडत नाहीत, आणि तशी योजना मुद्दामच केलेली असते.

भाग थेट बदलून टाकण्याच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे: शोधाच्या मजुरीपेक्षा कधी नवा भाग स्वस्त पडतो. मुंबईच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेलं हँडल असेल, तर तसं होईलही. पण किल्ली आणि कंट्रोल युनिट चोरीविरोधी यंत्रणेत गुंफलेली असतात; अनेक कंपन्यांत दुसऱ्या गाडीतून काढलेली जुनी किल्ली आपल्या गाडीला जोडताच येत नाही. त्याहून मोठी गोम अशी, की भाग बदलताना कनेक्टर निघतो, त्याच्या पिना घासल्या जातात, आणि निव्वळ तेवढ्यानेच गाडी काही दिवस सुधारते. श्रेय नव्या भागाला मिळतं. इथे थोडं गणित करावं लागतं. समजा दार दहातून एकदा रुसतं. दुरुस्तीनंतर ते सलग दहा वेळा उघडलं. मालक खूश, गॅरेज खूश. पण काहीच दुरुस्त झालं नसतं, तरी सलग दहा वेळा उघडण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के होती. ती ५ टक्क्यांच्या खाली आणायला २९ वेळा सलग उघडावं लागतं, तेही ज्या परिस्थितीत ते रुसायचं त्याच परिस्थितीत. गॅरेजमध्ये तीनदा उघडून दाखवलेल्या दाराने काय सिद्ध होतं, ते यावरून समजावं. बिल देण्याआधी आठवडाभर गाडी वापरू देणारा फिटर मिळाला, तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

हा तपास चालू असेपर्यंत एक जुनी सोय तयार ठेवलेली बरी. बहुतेक अशा किल्ल्यांच्या पोटात लोखंडी पातं असतं आणि चालकाच्या हँडलवर, कधी एका छोट्या टोपणाखाली लपलेलं, खरं किल्लीचं भोक असतं. पंधरा वर्षांत त्यात किल्ली बहुधा कधी फिरलेलीच नसते, त्यामुळे आत गंज आणि धूळ घट्ट बसलेली असते. कोरडं ग्रॅफाइट फुंकून, न रेटता, थोडं थोडं पुढे-मागे करत ते मोकळं करावं. अशा कुलपाने दार उघडल्यावर काही गाड्यांत अलार्म वाजतो. किल्ली स्टार्ट बटणाजवळ किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेत धरली की तो थांबतो, कारण तिथे किल्लीतली चिप सेलशिवायही ओळख देते. ती खाच आपल्या गाडीत नेमकी कुठे आहे, हे घरच्या पार्किंगमध्ये उजेडात पाहून ठेवावं.