अकरा हजार वर्षांनी जवळ येणारा ‘सेडना’

वाराणसी : ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधलेल्या येथील शिंदे घाटावर, कललेल्या रत्नेश्वर मंदिरापाशी हरभऱ्याचा एक दाणा ठेवून त्यास सूर्य मानले, तर पृथ्वी त्यापासून एक मीटरवर येते. आठवा ग्रह नेपच्यून ३० मीटरवर राहतो. सेडना हा बर्फाळ गोल मात्र सूर्याच्या सर्वाधिक जवळ असतानाही ७६ मीटरवर, मणिकर्णिकेच्या बाजूस असतो आणि दूर जातो तेव्हा सुमारे ९०० मीटरवर, दशाश्वमेध घाटाच्याही पलीकडे पोहोचतो. या प्रमाणात खुद्द सेडना डोळ्यांना न दिसणारा धूलिकण ठरतो.

मायकेल ब्राऊन, चाड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी १४ नोव्हेंबर २००३ रोजी कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेतून त्याचा शोध लावला. इन्युइट लोकांच्या सागरदेवतेचे नाव धारण करणाऱ्या या तांबूस गोलाचा व्यास सुमारे १,००० किलोमीटर आहे. सूर्याभोवतीच्या एका फेरीस त्यास सुमारे ११,४०० वर्षे लागतात. शिंदे घाट बांधला गेल्यापासून त्यातील दोन टक्के काळही लोटलेला नाही. सूर्यापासून दूर जाताना गती मंदावत असल्याने बहुतांश काळ तो दूरच्या टोकाकडेच रेंगाळतो.

खरे कोडे मात्र जवळच्या टोकाचे आहे. नेपच्यूनच्या गुरुत्वाकर्षणाने दूर भिरकावलेले गोल परतताना पुन्हा त्याच्या कक्षेच्या आसपास येतात. सेडना तेथवर कधीच येत नाही. मग त्यास या कक्षेत कोणी ढकलले? सूर्य तारकासमूहात जन्मला, त्या काळात जवळून गेलेल्या एखाद्या ताऱ्याच्या ओढीने हे घडले असावे, असे एक स्पष्टीकरण आहे. दुसरे स्पष्टीकरण अज्ञात ग्रहाकडे बोट दाखवते. तो अद्याप सापडलेला नाही. पहिले खरे असल्यास सेडना हा सूर्याच्या बालपणाचा साक्षीदार ठरतो. अशाच कक्षेतील ‘२०१२ व्हीपी ११३’ या गोलाची घोषणा २०१४ मध्ये झाल्याने तो एकटा नाही, हेही स्पष्ट झाले.

सेडना २०७६ च्या सुमारास सूर्याच्या सर्वाधिक जवळ येईल. ‘न्यू होरायझन्स’ यानास प्लूटोपर्यंत पोहोचण्यास साडेनऊ वर्षे लागली; सेडना त्यावेळीही त्याच्या दुपटीहून दूर असेल. आखणी, बांधणी आणि प्रवास यांत काही दशके जाणार असल्याने मोहिमेचा निर्णय सध्याच्या पिढीलाच घ्यावा लागेल. त्यानंतर तो इतका जवळ येईल, तेव्हा इसवी सनाचे १३,००० वे वर्षही मागे पडलेले असेल.